संकटकाळीं बालकांची शुश्रूषा



संकट आलें म्हणजे रुग्णालयांतील चांगल्या रीति मोडतात. आणि ज्यास बोलतां येत नाहीं, त्या तान्ह्या बाळाचें नुकसान कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

१९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा येथें डॉ. एडगर रे यांनीं अपुऱ्या दिवसांच्या बाळांस मातेच्या उघड्या उराशीं ठेवण्याची रीत घातली. तीच ‘कांगारू शुश्रूषा’. मातेची ऊब व दूध यांनीं कित्येक कोवळे जीव वांचले.

२०२० सालीं करोनाची साथ आली. ६२ देशांतील एका पाहणींत सुमारें दोनतृतीयांश आरोग्यसेवकांनीं सांगितलें कीं, बाधित वा संशयित मातांस ही शुश्रूषा करूं दिली जात नाहीं. भीति समजण्याजोगी होती. पण जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दाखविलें कीं, ही शुश्रूषा सर्वत्र पोंचल्यास १,२५,००० पर्यंत बालकें वांचूं शकतील, व त्यापुढें संसर्गाचा धोका फारच अल्प आहे.

आमच्यांतील परिचारिका भगिनींस म्हणून आमची विनंती: पुन्हा साथ आल्यास मातेस मुखपट्टी द्यावी, हात धुववावे, रोजची नोंद चालू ठेवावी, परंतु बाळ तिच्या उरापासून दूर करूं नये. आणि आम्ही इतरांनीं त्यांच्या पाठीशीं उभें राहावें.