बाणाशिवाय सोडलेली दोरी



संयोजकांनी मला संगणकाच्या भविष्यावर बोलायला सांगितलं होतं. माफ करा, मी एका लाकडी धनुष्याबद्दल बोलणार आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीने तिच्या धनुष्याची दोरी पूर्ण ताणली आणि बाण न लावताच सोडली. ‘टच’ असा बारीक आवाज आला. ताणलेल्या धनुष्यात साठलेली ताकद एरवी बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती लाकडातच परत आदळते. भिंगातून पाहिलं, तर मुठीच्या जरा वर केसाएवढी चीर.

दुकानदार म्हणाला, “नवीन घ्या मॅडम.” मी ओट्यावर जुनी चादर अंथरली. चीर कशी गेलीय, हे आधी बघायचं. लाकडाच्या रेषांबरोबर उभी गेली असेल तर आशा असते. वाकणाऱ्या भागात आडवी गेली असेल, तर धनुष्य भिंतीवर टांगायचं आणि विसरायचं. विशेषतः निशाण्याकडच्या बाजूला, कारण सगळा ताण तिथे येतो. आमची चीर उभी होती.

दोरी उतरवली, चिरेत फेविक्विकसारखा पातळ गोंद सोडला. तो आपोआप आत शोषला जातो. ॲरल्डाइट एवढ्या बारीक फटीत शिरत नाही, हे अर्धी ट्यूब वाया घालवून शिकले! वरून दोरा गुंडाळायचा होता. मी हौसेने चपला शिवायचा मेणदोरा आणला, पण मेणावर गोंद धरतोय कुठला? सगळा उलगडला. मग साधा सुती दोरा, वेढ्याला वेढा भिडवून, आणि आता त्यात ॲरल्डाइट मुरवलं. पुढचा अख्खा दिवस हात लावायचा नाही. मला हेच सगळ्यात जड गेलं.

तपासताना मूठ खिडकीच्या गजांना बांधली, धनुष्याच्या दोरीला लांब सुतळी लावली आणि भिंतीआड उभी राहून आधी वीतभर, मग थोडं थोडं जास्त ओढत गेले. आवाज नाही.

पण तो पहिला ‘टच’ डोक्यातून जाईना. तो मी आधी ऐकला होता. १९९५, आपली नववी, खेळाच्या सामानाची खोली. कुणी नसताना मी शाळेचं धनुष्य उचललं, ऐटीत ताणलं आणि रिकामंच सोडलं. नीट दिसत होतं, म्हणून जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सरावात ते आपल्या एका मैत्रिणीच्या हातात मोडलं. ‘आडदांडासारखं ओढलं’ म्हणून तिला बोलणी बसली. मीही तेच समजत होते. अगदी खरं सांगते, या दिवाळीपर्यंत.

ती इथे समोर बसली आहे. मागच्या आठवड्यात तिला फोन केला. ती हसली नाही. म्हणाली, “मी त्यानंतर मैदानावर आलेच नाही गं. घरीही सांगितलं की मला आवडत नाही.” बराच वेळ दोघी गप्प होतो. मग तिनेच सांगितलं, सगळ्यांसमोर सांग.

तर सर, ते धनुष्य मी मोडलं होतं. तिने नाही.

दुरुस्त केलेलं धनुष्य गाडीत आहे. जेवणानंतर मागच्या मैदानावर पोत्यात पेंढा भरून ठेवणार आहोत. पहिला बाण तिचा. बाकीच्यांनी रांग लावा, आणि बाण लावल्याशिवाय कुणीही दोरी सोडायची नाही.