निवासी डॉक्टर आणि त्यांचा निवास
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात अहिल्यानगर येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणासाठी ज्यांना प्रवेश मिळाला, त्या मुलामुलींना शाल, श्रीफळ व मानपत्र देऊन आपण त्यांचे कौतुक केले. ते उचितच झाले. परंतु चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एक साधा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला. ही मुले पुढील तीन वर्षे राहणार कोठे?

आम्ही काही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत आयुष्य गेले. तथापि मूल रात्री कोठे झोपते आणि सकाळी काय खाऊन येते, यावर त्याचे शिक्षण किती अवलंबून असते, हे शिक्षकास कोणी शिकवावे लागत नाही. तोच न्याय डॉक्टरासही लागू आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

एम. बी. बी. एस. झाल्यावर जो एखाद्या विषयात पुढील शिक्षण घेतो आणि त्याच वेळी रुग्णालयात रात्रंदिवस रुग्णांची सेवा करतो, त्यास आपण 'निवासी डॉक्टर' म्हणतो. हे नाव उगीच पडलेले नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. तेथे ऑस्लर, हॅल्स्टेड प्रभृती आचार्यांनी ही पद्धत रूढ केली. शिकाऊ डॉक्टराने रुग्णालयातच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे, तेथेच झोपावयाचे आणि रुग्णाने हाक मारताच धावून जावयाचे, असा तो परिपाठ होता. म्हणजे निवास हा त्या शिक्षणाचा पायाच होय. आज नाव तेवढे शिल्लक राहिले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी निवासी डॉक्टर निवासाच्याच शोधात गल्लोगल्ली हिंडताना दिसतो.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांची राहण्याची योग्य सोय करणे महाविद्यालयावर बंधनकारक केले आहे. विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहिले पाहिजे, अशी सक्ती मात्र ठेवलेली नाही. नियम उत्तम आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या जागा वाढल्या त्या वेगाने वसतिगृहाच्या खोल्या वाढल्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनी संप पुकारला, तेव्हा दोन्ही वेळी त्यांच्या मागण्यांत वसतिगृहाची मागणी होती. पगाराच्या बरोबरीने ज्यांना खोली मागावी लागते, त्यांची अडचण किती खरी असेल, याचा आपण विचार करावा.

कोणी म्हणेल, शहर मोठे आहे, बस आहे, दुचाकी आहे, मग दूर राहिले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. केंद्र शासनाने १९९२ साली ठरवून दिले, की निवासी डॉक्टरास सामान्यतः आठवड्यास ४८ तासांहून अधिक आणि सलग १२ तासांहून अधिक काम असू नये. प्रत्यक्षात २४ तास, क्वचित ३६ तासही एकसारखी ड्यूटी पडते. आता माणसाच्या शरीराचा हिशेब पाहा. सतरा-अठरा तास जागलेल्या मनुष्याचे हातपाय आणि बुद्धी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याप्रमाणे मंद होतात, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगान्ती दाखविले आहे. आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यास कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे! अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की चोवीस तासांहून अधिक ड्यूटी करून घरी निघालेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या वाहनास अपघात होण्याचा संभव दुपटीहून अधिक असतो. तात्पर्य, ज्याने रात्रभर इतरांचे प्राण राखले, त्यास सकाळी दहा-बारा मैल दुचाकी हाकावयास लावणे म्हणजे त्याचा स्वतःचा प्राण टांगणीला लावणे होय.

रुग्णाच्या बाजूनेही पाहावे. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झालेल्या बाईस घटकाभराचाही अवकाश नसतो. बोलावणे आल्यावर पाच मिनिटांत पायी पोहोचणारा डॉक्टर आणि चाळीस मिनिटांनी पोहोचणारा डॉक्टर, दोघे सारखेच विद्वान असले तरी त्या बाईच्या दृष्टीने सारखे नव्हेत.

आमच्या पुतणीस स्त्रीरोग व प्रसूती या विषयासाठी एका मोठ्या शहरातील रुग्णालयात जागा मिळाली. यादी लागल्यापासून रुजू होईपर्यंत हाती केवळ पाच दिवस होते. वसतिगृहात एकेका खोलीत आधीच तिघीतिघी होत्या. तिचे वडील शेतकरी, त्यातून कांद्याची काढणी चालू, म्हणून तिच्यासमवेत आम्ही गेलो आणि दोन दिवसांत सात घरे पाहिली. एका ठिकाणी सांगण्यात आले, "एकटी मुलगी आम्ही ठेवीत नाही." दुसरीकडे फाटकास रात्री दहा वाजता कुलूप पडत असे आणि ते सकाळी सहापूर्वी उघडत नसे. ती डॉक्टर आहे, तिला अपरात्री जावे लागेल, असे सांगताच घरमालकांच्या मुद्रेवर जी शंका उमटली, ती पाहून त्या पोरीने मान खाली घातली. तिसऱ्या ठिकाणी भाडे, अनामत, खाणेपिणे सर्व जमले आणि शेवटी प्रश्न आला, "आपण कोणांपैकी?" उत्तर ऐकल्यावर खोली "कालच दुसऱ्यास कबूल केल्याचे" त्यांना आठवले. आठव्या घरी एका वृद्ध विधवा बाईंनी दार उघडले. त्यांनी विचारले एवढेच, "बाळ, रात्रपाळीहून आल्यावर दिवसा झोपायला उजेड चालेल का, की जाड पडदा लावून देऊ?" ती कोणांपैकी, हे त्या बाईंनी आजतागायत विचारलेले नाही, आणि त्या कोणांपैकी, हे आम्हांसही ठाऊक नाही.

बंधूंनो, घर मिळणे आणि न मिळणे यांनी मोठमोठ्या माणसांची आयुष्ये वळविली आहेत. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेस गेल्या. तेव्हा न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरात पोटच्या मुलीप्रमाणे ठेवून घेतले. धर्म निराळा, अन्न निराळे, वेष निराळा; तरी दार उघडले. पुढे आनंदीबाई फिलाडेल्फियास शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. याउलट १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी चाल करून आली आणि त्यांना ते घर सोडावे लागले. मग कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. बडोद्याने त्या दिवशी एक भाडेकरू घालविला नाही, एक महापुरुष घालविला.

आपल्या महाराष्ट्रास ही गोष्ट पूर्वीच उमगली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले व पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहण्यास साह्य केले. ज्यास कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यास निदान आपल्या माणसांनी तरी आसरा द्यावा, ही त्या काळाची निकड होती. कर्मवीर भाऊराव पाटील त्यापुढे एक पाऊल गेले. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह चालविले, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवली. आपल्या जिल्ह्यात गावोगावी रयत शिक्षण संस्थेच्या शाळा आहेत आणि येथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या शाळांत शिकले आहेत. तेव्हा पहिले पाऊल कोणते आणि दुसरे कोणते, हे आपणांस निराळे समजावून सांगावयास नको.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मनमाड रस्त्यावर विळद घाटात दुसरे उभे राहिले. मे २०२५ मध्ये चौंडी येथे मंत्रिमंडळाची बैठक भरली, तीत अहिल्यानगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काढण्यास मान्यता देण्यात आली. अर्थात दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुलेमुली येथे येतात व पुढेही येतील, आणि आपली मुले पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे जातील. आज आपण कोणाचे घरमालक, तर उद्या आपली पोर कोणाची भाडेकरू. यास्तव आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना खोल्यांच्या वहीची. आपल्या समाजबांधवांची घरे या रुग्णालयांजवळ आणि उपरिनिर्दिष्ट शहरांतही आहेत. ज्यांना एक खोली देता येईल, त्यांनी ती चिटणीसांच्या वहीत नोंदवावी. वहीत रकाने असावेत ते असे : रुग्णालयापासून पायी किती मिनिटे, भाडे, अनामत, पाण्याची वेळ, जेवणाच्या डब्याची सोय आणि अपरात्री येण्याजाण्याची मुभा. जातीचा रकाना नसावा. "समाजाच्या वहीत परक्यांची नावे कशास?" असे काही मंडळी विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे, की मध्यरात्री आपल्या आईस झोळीत घालून रुग्णालयात नेतो, तेव्हा तपासणाऱ्या मुलीचे आडनाव आपण विचारीत नाही. जिचा हात चालतो, तिची खोलीही चालली पाहिजे.

दुसरी सूचना अनामतीची. नव्या डॉक्टराचे विद्यावेतन हाती येण्यास पुष्कळदा विलंब लागतो, आणि घरमालक मात्र दोन-तीन महिन्यांचे भाडे आधीच मागतो. सत्कारसमारंभाचा खर्च निम्मा करून त्या रकमेचा बिनव्याजी अनामत निधी करावा. हा निधी देणगीदारांच्या इच्छेप्रमाणे आपल्या मुलांपुरता राहिला तरी आमची हरकत नाही. घेणाऱ्याने वर्षभरात हप्त्यांनी फेड करावी, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येईल.

तिसरी सूचना कागदपत्रांची. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा एक समज आहे. महाराष्ट्रात तो खरा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, याच्या ५५ व्या कलमान्वये प्रत्येक भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी नसेल व पुढे तंटा निघाला, तर भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. म्हणून उभयपक्षी हित नोंदणीतच आहे. भाड्याची पावती दरमहा द्यावी व घ्यावी. कागद स्वच्छ असला म्हणजे मनेही स्वच्छ राहतात.

घर देणाऱ्या माता-भगिनींस एक विनंती करतो. निवासी डॉक्टराचा दिवस आपल्यासारखा नसतो. तो सकाळी नऊला येऊन झोपेल, तर त्यास आळशी समजू नये. मुलगी रात्री दोनला बाहेर पडेल, तर तिच्याकडे संशयाने पाहू नये. जिन्यातला दिवा लावून ठेवावा आणि फाटकाची एक किल्ली तिला द्यावी. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात काय घडले, ते सर्वांस विदित आहे. ड्यूटीवर असताना घटकाभर विसावा घेण्यासाठी जी तरुण डॉक्टर सभाकक्षात गेली, ती तेथून जिवंत परतली नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कार्यदल नेमले आणि डॉक्टरांसाठी स्वतंत्र विश्रांतिकक्षांचा विषयही त्याच्यापुढे ठेवला. रुग्णालयातील खोली शासनाने द्यावी, तो आग्रह आपण धरूच. रुग्णालयाबाहेरची सुरक्षित खोली मात्र आपणच देऊ शकतो.

चिटणीसांनी शंभर पानांची एक कोरी वही आणून या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्या घरातील माडीवरच्या खोलीची नोंद आम्ही केली आहे : जिल्हा रुग्णालयापासून पायी बारा मिनिटे, पाणी सकाळी सहा ते आठ, फाटकास दोन किल्ल्या. जेवणास उठण्यापूर्वी ज्यांना जमेल त्यांनी पुढची पाने भरावीत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.