पुरात भिजलेली टाइपरायटरची पेटी

मागच्या भागात टाइपरायटरच्या रिबनबद्दल बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की मशीन ठीक आहे, पण पेटीचं काय? तर आज फक्त पेटी.

आमचं घर चिपळूणचं. आजोबा आखातात नोकरीला जाणाऱ्या लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून द्यायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी रेमिंग्टन पोर्टेबल घेऊन एसटीने गावोगाव जायचे. ते गेल्यावर मशीन वरच्या मजल्यावर शोकेसमध्ये गेलं आणि रिकामी पेटी खालीच राहिली. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती चिखलात बुडाली. सगळे म्हणाले, टाकून द्या. आजीने ती माळ्यावर ठेवली. गेल्या वर्षी मी ती पुण्याला आणली.

जुन्या पेट्या म्हणजे पातळ प्लायवूड आणि वर काळं कापड. आत बहुतेक वेळा सरस असतो, जनावरांच्या हाडाकातड्याचा. पाण्याने तो सुटतो, म्हणून प्लायचे थर वहीच्या पानांसारखे उघडले होते. पण लाकूड कुजलं नव्हतं, त्यामुळे थर परत चिकटवता येणार होते. पेटी उन्हात ठेवू नका, प्लाय वाकतं. मी ती पंख्याखाली, सावलीत पंधरा दिवस वाळवली. मग सुकलेला चिखल ब्रशने काढला, सिरिंजने थरांच्या आत फेविकॉल सोडला, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक आणि सपाट फळ्या लावून शिकंज्यात एक दिवस आवळून ठेवलं. एक कोपरा तर गेलेलाच होता. तिथे लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला.

कापड बुकबाइंडरकडून आणलं आणि खळीने लावलं. खळ हळू सुकते, कापड सरकवायला वेळ मिळतो. बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं खात नाहीत. मोरचूद विषारी असतं, हात धुवा. आणि लोखंडी कड्यांना लागू देऊ नका, गंज धरतो.

एका बाजूचं जुनं कापड मात्र मी काढलं नाही. आजोबांच्या पायाला घासून तिथे ते पांढरं पडलंय.

आता माझी चूक सांगतो. मूठ तुटली होती तेव्हा आजीने ती सुतळीने शिवली होती, बहुतेक माझ्या जन्माआधी. मला वाटलं कचरा आहे. कापली आणि फेकली. कोड असता तर जुनी आवृत्ती परत आणली असती, इथे तशी सोय नाही. नंतर फोनवर आजीने सहज विचारलं, "सुतळी टिकली का रे पुरात?" मी खरं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि जेवणाचं विचारायला लागली.

मूठ जिथे बसते तिथलं प्लाय फाटलं होतं, म्हणून आतून पत्र्याची पट्टी लावली. चपला शिवणाऱ्या काकांकडून चामड्याचा दुहेरी पट्टा करून घेतला. मशीन पेटीसकट साडेसहा किलो भरतं. म्हणून आधी दहा किलो तांदूळ आत ठेवून पेटी रात्रभर टांगून ठेवली. टिकली.

दिवाळीत पेटी चिपळूणला नेली. आजीने मशीन आत ठेवायला लावलं, स्वतः उचलून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"पट्टा गुळगुळीत आहे रे, घामाने निसटेल," म्हणाली, आणि सुतळीचा गुंडा घेऊन बसली.