कौतुकाची जबाबदारी



परीक्षा संपल्या आहेत आणि निकाल लागायचे आहेत, अशा या मधल्या दिवसांत आपण येथे जमलो आहोत. आणखी काही दिवसांनी घरोघर पेढ्यांचे पुडे फिरू लागतील. मामा, काका, आत्या, मावशी यांना निरोप जातील. चौकाचौकांत मुलांची चित्रे असलेले फलक लागतील. पास झालेल्या मुलांना उपदेश करायला व्यासपीठावर पुष्कळ लोक उभे राहतात, तेव्हा ते काम मी आज करीत नाही. कौतुक करणारे आपण जे वडीलधारे आहोत, त्यांच्याविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मुलाने यश मिळवले म्हणजे घरच्यांना अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. पण त्या अभिमानाने मुलाचे पुढे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. त्यासाठी मी आपल्याच महाराष्ट्रातील एका सत्काराची हकीकत सांगणार आहे.

मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदारांचे बिऱ्हाड होते. ते लष्करातून निवृत्त झालेले. घरात माणसे पुष्कळ, मिळकत बेताची. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. जातीमुळे या मुलाला साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असताना ती भाषा त्याला नाकारली गेली आणि फार्सी घ्यावी लागली. हा मुलगा परीक्षा पास झाला, तेव्हा समाजातील लोकांनी ठरवले की आपण सभा भरवून त्याचे अभिनंदन करायचे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तीत ही सभा इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर भरली असे म्हटले आहे, आणि अध्यक्ष दादा केळुसकर होते असे सांगितले आहे. चरित्रकार धनंजय कीर ती मॅट्रिकच्या वेळची, म्हणजे १९०७ सालची मानतात आणि अध्यक्ष म्हणून सी. के. बोले यांचे नाव देतात. चौथी की मॅट्रिक हा वाद विद्वानांकडे सोपवू. सभा झाली, तीत केळुसकर बोलले आणि त्यांनी त्या मुलाच्या हातात एक पुस्तक ठेवले, एवढे दोन्हींकडे सारखे आहे आणि आपल्या कामाला ते पुरेसे आहे.

आता त्या प्रस्तावनेतील जी गोष्ट मला विशेष वाटते ती सांगतो. सभेची कल्पना घेऊन लोक रामजी सुभेदारांकडे परवानगी मागायला गेले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, अशाने पोराच्या डोक्यात वारे शिरेल. त्याने एक परीक्षा तर दिली आहे, त्यापलीकडे काय केले आहे? लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडे गेले. केळुसकर हे रामजींचे स्नेही. त्यांनी मध्यस्थी केली, थोडा वाद झाला आणि अखेर बापाने मान तुकवली.

हा बाप निष्ठुर होता काय? मुळीच नाही. पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवता यावे म्हणून तोपर्यंत स्वतः जागणारा हा बाप होता. मुलाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा एखादा दागिना मागून आणायचा, तो गहाण टाकायचा आणि पुस्तक विकत आणायचे, पुढे पेन्शन हाती आले की दागिना सोडवून परत द्यायचा, हा त्यांचा क्रम. त्या बहिणींचेही मला नवल वाटते. भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा डाग काढून देणाऱ्या त्या बायकांचे नाव कोणत्या गुणपत्रिकेवर असते? अभिमान तर या घरात काठोकाठ भरला होता. तो तोंडाने बोलत नव्हता, एवढेच. रामजींना भीती होती ती एका गोष्टीची: चढण अजून पुष्कळ बाकी आहे आणि मुलगा पहिल्याच टप्प्यावर हार गळ्यात घालून बसेल.

मग जे लोक सभा भरवायला निघाले त्यांचे चुकले काय? तसेही नाही. इतर समाजांत ही परीक्षा पास होणारी मुले घरोघर होती, तेथे कोणी सभा भरवीत नसे. पण ज्यांच्या समाजातून इथवर पोहोचलेला हा पहिलाच मुलगा होता, त्यांना ती केवळ रामजींच्या घरातली गोष्ट कशी वाटावी? ज्या दारातून आपल्याला आत येऊ देत नाहीत त्या दारातून आपला एक मुलगा आत गेला आणि परीक्षा देऊन बाहेर आला, हे त्यांना सगळ्यांना मिळून डोळे भरून पाहावयाचे होते. आमचा मुलगा तुमच्या मुलापेक्षा वरचढ, असा मत्सराचा स्वर त्या अभिमानात नव्हता. एकाला जमले, तेव्हा उद्या माझ्याही पोराला जमेल, असा दिलासा त्यात होता. असा सत्कार पाहणाऱ्या लहान मुलांना जे मिळते ते कोणत्याही व्याख्यानाने मिळत नाही.

आणि गुण किती होते म्हणता? कीरांनी मॅट्रिकचे गुण दिले आहेत. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. म्हणजे शेकडा अडतीसही भरत नाहीत. त्या काळची मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची होती, ती कठीण होती आणि नापास होणारे पुष्कळ असत, हे सर्व मला मान्य आहे. तरीसुद्धा आज आपल्या नात्यातला एखादा मुलगा अडतीस टक्के घेऊन घरी आला, तर आपण त्याच्यासाठी सभा भरवू काय? सभा राहू द्या, पेढे तरी वाटू काय? बहुधा त्या दिवशी आपण कोणाला फोनसुद्धा करणार नाही. विचारलेच कोणी, तर "झाला पास" असे म्हणून विषय बदलू. आणि दाराआड उभा असलेला तो मुलगा आपल्या आवाजातला तो बदल अचूक ओळखील.

आता तिसऱ्या माणसाकडे येऊ. केळुसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि त्या काळचे नामांकित लेखक. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता, असे कीर सांगतात. सत्काराच्या दिवशी त्यांनी आपले स्वतःचे गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. ते १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. मुलाने ते मन लावून वाचले, तो भारावून गेला. मग तो वडिलांकडे प्रश्न घेऊन गेला की, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, या ग्रंथांची ओळख का करून दिली नाहीत? एका भेटीच्या पुस्तकाने घरात असा प्रश्न उभा केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी धम्मदीक्षा झाली, ती या एका पुस्तकामुळे झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मध्ये एकोणपन्नास वर्षांचा अनुभव, अभ्यास आणि संघर्ष आहे. पण आपण बुद्धाकडे कसे वळलो हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितले, तेव्हा प्रारंभ त्यांनी या पुस्तकापासूनच केला.

केळुसकर पुस्तक देऊन घरी गेले आणि विसरले, असे झाले नाही. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा त्यांनीच या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी प्रश्न विचारून पाहिले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधाराने भीमराव बी. ए. झाले. रामजी सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि १९१५ साली एम. ए. झाला. ज्याला पोराच्या डोक्यात वारे शिरण्याची धास्ती होती, त्या बापाला हे पाहायला मिळाले नाही.

मित्रहो, या तिघांपैकी बरोबर कोण, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की तिघांचीही गरज होती. लोकांचा उत्साह नसता तर त्या मुलाला आपल्या मागे किती डोळे लागले आहेत हे कळले नसते. बापाचा नकार नसता तर त्या उत्साहाला मर्यादा राहिली नसती. आणि केळुसकर नसते तर सभा संपल्यावर हार सुकले असते आणि कॉलेजची फी कोणी भरायची हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला असता.

आज आपल्या घरांत आणि मंडळांत पहिली गोष्ट उदंड झाली आहे. ज्ञातिसंस्था, पतपेढ्या, गणेशमंडळे, सगळीकडे गुणवंतांचे सत्कार होतात. एकेका मुलाला चार चार ठिकाणी शाल, श्रीफळ आणि गुलाबाचे फूल मिळते. पाहुणे आकड्यांची स्तुती करतात. दहावीला सहापैकी पाच उत्तम विषयांचे गुण धरण्याची पद्धत २०१० साली आली, तेव्हापासून आकडे वरच आहेत, त्यामुळे नव्वद टक्के मिळवूनही काही घरांतून सुस्कारे ऐकू येतात. मावसभावाला त्र्याण्णव मिळाले म्हणून एक्याण्णव मिळवणारी मुलगी खोलीचे दार लावून रडते. कौतुक करताना आपण तुलनेचे माप हाती घेतले, म्हणजे कौतुकाचे विष होते. मग ज्याला नव्वद मिळाले तोही दुःखी आणि ज्याला चाळीस मिळाले तोही दुःखी.

उलट, ज्या घरात आईने शाळेचे तोंड पाहिले नाही, चार घरची धुणीभांडी करून तिने मुलीला दहावीपर्यंत आणले, आणि मुलगी बावन्न टक्के मिळवून पास झाली, त्या घराकडे कोणते मंडळ शाल घेऊन जाते? परळच्या चाळीतल्या त्या जुन्या सभेचा खरा वारसा तेथे आहे. पोहोचण्याचे अंतर मोजायचे तर निघण्याचे ठिकाण पाहावे लागते.

तेव्हा येत्या निकालाच्या वेळी आपण थोडे केळुसकरांसारखे वागून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. पेढा खावा, आनंद करावा, त्यात कंजूषपणा नको. पण मुलाला "किती टक्के?" हा प्रश्न विचारून झाल्यावर "आता काय शिकावेसे वाटते?" हाही विचारावा आणि उत्तर ऐकून घ्यावे. शालीच्या ऐवजी पुस्तक द्यावे, किंवा पहिल्या वर्षाच्या फीचा काही भार उचलावा. आणि पुढच्या वर्षी, जेव्हा कोठलाही निकाल नसेल, सत्कार नसेल, मुलगा कदाचित कॉलेजात चाचपडत असेल, तेव्हा एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. नात्यातील कौतुकाची परीक्षा त्या दिवशी होते. पास झालेल्या दिवशी तर वाटेवरचा अनोळखी माणूसही अभिनंदन करतो.