फीत का रेंगाळते?



जुन्या संगणकाची फीत हळू का चालते, हा आजच्या भाषणाचा विषय. तो ऐकून काही मंडळी म्हणतील, "आमच्या घरी संगणकच नाही, तर फीत कुठली!" पण आपल्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची नोंद, सोसायटीतले कर्जखाते, कारखान्याला घातलेल्या उसाचे वजन, हे सारे आज कोठल्या ना कोठल्या संगणकात असते. तो संगणक एका रात्रीत बंद पडला तर त्या नोंदींचे काय, हा प्रश्न मात्र आपणा सर्वांचाच आहे.

म्हणून नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवतात. कचेरीत तिला बॅकअप म्हणतात. जुन्या यंत्रांवर ही प्रत चुंबकीय फितीवर घेत. मोठ्या संस्थांतून आजही घेतात. गाण्याच्या कॅसेटीत असते त्याच जातीची ही फीत. गाण्याऐवजी तीवर आकडे आणि अक्षरे उतरतात, एवढाच फरक.

मी मूळचा अर्थशास्त्राचा मनुष्य. २००८ साली एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात "तुम्ही तरुण आहात, तुम्हीच बघा" म्हणून संगणकाचे काम माझ्या गळ्यात पडले. यंत्र जुने होते. संध्याकाळी सहाला फीत लावली की पूर्वी आठच्या आत काम उरकायचे. पुढे पुढे ते लांबत गेले, आणि शेवटी सकाळी कार्यालय उघडावे तरी फीत आपली चालूच! मग काय झाले? रोजची प्रत आठवड्यावर गेली, आठवड्याची 'पुढच्या शनिवारी बघू' वर गेली. कोणी मुद्दाम टाळले नाही. कंटाळवाणे काम आपोआप टळते, तसे ते टळले.

आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत संगणकाची तबकडी गेली. हाताशी होती ती प्रत पाच आठवड्यांपूर्वीची. पाच आठवड्यांच्या पावत्या आणि नोंदी कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या. एका मुलाला दाखल्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या. त्याचे वडील रोजंदारीवर जाणारे. प्रत्येक खेपेला त्यांचा एक दिवस बुडाला. फितीच्या मंदपणाची किंमत अशी कोणी तरी तिसराच मोजतो.

नवी तबकडी बसल्यावर आमचे लिपिक म्हणाले, "सर, फितीचं यंत्र म्हातारं झालं बघा. नवीनच घेऊ या." मलाही तसेच वाटले होते. पण आधी हिशेब तरी मांडावा म्हटले. आमची फीत बारा गिगाबाइटची, तिचा वेग सेकंदाला सुमारे एक मेगाबाइट. आमच्या नोंदी सहा गिगाबाइट. म्हणजे काम पावणेदोन तासांचे. ते बारा तासांवर का जावे?

येथे एक गोष्ट समजून घेऊ. आपल्या भागात गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या गव्हाणीत ऊस सतत पडत राहावा लागतो. तोडणी थांबली, गाड्या आल्या नाहीत, तर गाळप थांबते. तेव्हा कोणी 'चरक म्हातारा झाला' असे म्हणत नाही. ऊस का आला नाही, हे पाहतात. फितीचेही तसेच आहे. तिला माहितीचा पुरवठा अखंड हवा.

१९५२ साली आय.बी.एम.ने ७२६ नावाचे फितीचे यंत्र काढले. त्यात फितीचा मोठा झोळ हवेच्या ओढीने सैल लोंबता ठेवलेला असे, म्हणून ती चटकन थांबे आणि चटकन सुटे. पुढची लहान, स्वस्त यंत्रे सलग चालण्यासाठी बनवलेली. त्यांत ही सोय नाही. माहिती संपली की फीत जागच्या जागी थांबत नाही. थांबा ओलांडून गेलेली एस.टी. जशी मागे घ्यावी लागते, तशी ती पुढे जाते, मग मागे येते, आणि पुन्हा वेग धरते. हे दर मिनिटाला अनेकदा घडले तर काम रेंगाळणारच. शिवाय फीतही झिजते. बुटाला पॉलिश करताना फडके मागेपुढे ओढतात, त्यावरून या दुखण्याला तंत्रज्ञांनी नावच तसे दिले आहे. हे दुखणे कानानेही कळते. निरोगी फितीचा आवाज एकसुरी असतो. उपाशी फीत थांबत, कुरकुरत चालते.

मग आम्ही काय केले? साखळीची एकेक कडी सुटी करून तपासली. प्रथम डोके स्वच्छ करण्याची खास कॅसेट फिरवली. डोक्यावर मळ असला तर यंत्र तोच मजकूर पुन्हा पुन्हा लिहीत बसते. त्यानंतर एक गिगाबाइटची एकच मोठी फाइल फितीवर उतरवली. सतरा-अठरा मिनिटांत काम झाले. म्हणजे फितीचे यंत्र ठणठणीत होते! मग उलट तपासणी केली. फीत बाजूला ठेवून सर्व नोंदी नुसत्या वाचायला लावल्या. त्यालाच जवळजवळ सगळी रात्र लागली. चोर सापडला तो असा: ऊस गव्हाणीपर्यंत पोचतच नव्हता.

त्याची कारणे दोन निघाली. विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि अर्ज मिळून हजारो बारीक फाइली झाल्या होत्या. एकेक शोधायला तबकडीचे डोके सारखे इकडून तिकडे उड्या मारत होते. दुसरे असे की, ग्रंथालयातल्या संगणकाची माहिती तारेवरून येत होती, आणि त्या तारेच्या दोन टोकांची जुळणी वेगवेगळी लावलेली होती. अशा वेळी तार तुटत नाही, पण माहिती अडखळत येते. ती जुळणी सारखी केली. बारीक फाइली आधी दुसऱ्या तबकडीवर एका मोठ्या गाठोड्यात बांधायच्या आणि मग ते गाठोडे सलग फितीवर उतरवायचे, असे ठरवले. दर खेपेला दहा किलोबाइटचा घास जात होता, तो चौसष्टचा केला आणि घासाचा आकडा फितीच्या चिठ्ठीवर लिहून ठेवला. नाही तर पुढे वाचणाऱ्याची पंचाईत होते. एका वेळी एकच बदल करायचा आणि लागलेला वेळ वहीत टिपायचा, हा नियम आम्ही मोडला नाही. चौथ्या दिवशी काम दोन तासांवर आले. नवीन यंत्र घ्यावे लागले नाही.

घेतले असते तर? वेगवान फीत अधिक भुकेली असते. पुरवठा तोच राहिला असता तर ती अधिक वेळा थांबली असती. पैसे गेले असते आणि काम तसेच राहिले असते.

ज्या कचेरीत अजून असे जुने यंत्र आहे, तेथे आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. फितीचे यंत्र आणि तबकडी एकाच जुन्या केबलवर असतील तर शक्य तो वेगळ्या कराव्यात, आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नीट बसले आहेत ना, हे तपासावे. माहिती दाबून लहान करण्याचे काम संगणक किंवा फितीचे यंत्र, दोघांपैकी एकानेच करावे. आणि प्रत निघत असताना विषाणू शोधणारा प्रोग्रॅम चालू ठेवू नये.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक सांगायचे आहे. आपल्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलेवरून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. तेव्हा एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. नुसती नक्कल असून भागत नाही. ती ताडून पाहावी लागते. फितीवरची प्रतही महिन्यातून एकदा परत वाचून पाहावी, दोन-चार नोंदी उतरवून मूळ नोंदींशी ताडाव्यात. २०११ साली गूगलच्या काही ग्राहकांची पत्रे संगणकांतून नाहीशी झाली, ती अखेर फितींवरूनच परत आणली गेली. त्या फिती वाचता येत होत्या, म्हणून ते जमले.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी 'फीत म्हातारी झाली' म्हणाले, तर आधी घड्याळ लावा, वही उघडा, आणि ऊस कोठे अडला आहे ते पाहा. प्रत वेळेत निघाली तर ती रोज निघेल. आणि रोज निघाली, तर कोणा मुलाच्या बापाला दाखल्यासाठी चौथी खेप घालावी लागणार नाही.