गिअरबॉक्स डिझेलने धुवायचा का?

(या भागात बोललो ते जवळपास जसंच्या तसं उतरवलंय. पुन्हा पुन्हा आलेलं तेवढं गाळलं आहे.)

आज एकच प्रश्न घेणार आहे, कारण तो तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. त्यातला एक निरोप कराड–पाटण भागातल्या एका दादांचा आहे. ते वडाप चालवतात. दिवसभर गाडी भरलेली, चढ-उतार सतत. त्यांचं म्हणणं असं: "दुसरा गिअर टाकताना कर्र वाजतं. मिस्त्री म्हणतो जुनं ऑइल काढू, आत डिझेल भरू, पाच मिनिटं गाडी चालू ठेवू, धुऊन निघेल, मग नवीन ऑइल. करू का?"

दादा, करू नका. आता का ते सांगतो.

ही धुण्याची कल्पना आली इंजिनावरून. इंजिनात इंधन जळतं, काजळी होते, ऑइल करपतं, आत काळा चिखल साठतो. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही. तिथलं ऑइल काळपट होतं ते मुख्यतः झिजेच्या बारीक चुऱ्यामुळे आणि जुनं झाल्यामुळे. म्हणजे डिझेलने विरघळवावं असं आत फारसं काही नसतंच. लोखंडाचा चुरा डिझेलमध्ये विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. तो फक्त जागा सोडतो.

आणि जागा सोडून जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक साध्या गिअरबॉक्सना ना ऑइलपंप असतो ना फिल्टर. खालचे गिअर ऑइलमध्ये बुडालेले असतात, ते फिरतात आणि ऑइल वर उडवतात. त्या उडालेल्या ऑइलवर वरचे बेरिंग जगतात. वर्षानुवर्षं तळाशी, कोपऱ्यात शांत बसलेला चुरा तुम्ही पातळ डिझेल घालून ढवळलात, की तोही वर उडतो. मेन शाफ्टवरचे गिअर ज्या सुईसारख्या बारीक रोलरच्या बेरिंगवर फिरतात, तिथपर्यंत तो पोचू शकतो. फिल्टर नाही, म्हणजे वाटेत अडवणारं कोणी नाही.

दुसरं, त्या पाच मिनिटांत आतल्या भागांवर काय असतं? आपल्याकडच्या बीएस-६ डिझेलचा दाटपणा ४० अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो. गिअर ऑइलचा त्याच तापमानाला शंभर-दीडशेच्या आसपास. दातावर दात घासताना मध्ये जो ऑइलचा पडदा लागतो, तो डिझेल देऊच शकत नाही. चाकं उचलून गिअरमध्ये गाडी फिरवली, म्हणजे लोड नाही, असं मिस्त्री म्हणतात. लोड कमी असतो हे खरं, पण बेरिंग फिरतातच ना. पेट्रोल वापरणारेही आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच, की बंद डब्यात पेट्रोलची वाफ आणि आत फिरणारं लोखंड हा खेळ कोणी करू नये. ब्रेक क्लीनरचा फवारा सुट्या केलेल्या भागांसाठी असतो. बंद गिअरबॉक्समध्ये मारला तर ऑइल सीलचं रबर फुगण्याची, कडक होण्याची भीती.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. डिझेल सगळं बाहेर येत नाही. हाउसिंगमध्ये खाचा असतात, बेरिंगच्या मागे कप्पे असतात, ड्रेन नटाच्या पातळीखालीही थोडं उरतंच. समजा २ लिटरच्या गिअरबॉक्समध्ये १०० मिली डिझेल राहिलं. पाच टक्के. तुम्ही म्हणाल, पाच टक्क्यांनी काय होतंय? पण दाटपणा असा सरळ टक्क्याने उतरत नाही. दाट तेलात थोडंसं पातळ मिसळलं की ते त्या मानाने कितीतरी जास्त पातळ होतं. आमटीत पाणी जास्त झालं तर उकळून आटवता येतं, इथे तीही सोय नाही. म्हणजे महागाचं नवीन ऑइल तुम्ही पहिल्याच दिवशी बिघडवलंत.

बरं, मग तो कर्र आवाज? तो धुऊन जाणार नाही, कारण तो मळाचा नाही. आधी क्लच बघा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही वाजत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, गिअरबॉक्सला हात लावू नका. रिव्हर्स शांत पडतो आणि फक्त दुसराच वाजतो, तर संशय सिंक्रोनायझर रिंगवर. किंवा ऑइलवर. कारण अनेक गॅरेजमध्ये एकच पिंप असतं, त्यातलंच क्राऊनला आणि त्यातलंच गिअरबॉक्सला. क्राऊनला सहसा जीएल-५ लागतं, बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी रसायनं जास्त. त्यातली काही पितळी रिंगला मानवत नाहीत, शिवाय रिंगने गिअरला पकडून वेग जुळवायचा असतो तिथे ती घसरते. म्हणून वाहनाच्या पुस्तकात काय लिहिलंय तेच. काही गिअरबॉक्सना जीएल-५ चालतं, काहींना एटीएफसुद्धा लागतं. मिस्त्रीला डब्याचा फोटो मागा, त्यात लाजायचं काही नाही.

आता बदलायचं कसं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, ऑइल गरम आणि पातळ असतानाच चुरा सोबत घेऊन बाहेर येतं. सपाट जागा हवी. आणि आधी वरचा, भरायचा नट उघडा. तो जाम निघाला आणि खालचं ऑइल तुम्ही काढून बसलात, तर गाडी तिथेच. निवांत निथळू द्या, चहा होईपर्यंत. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावरचा मऊ राखाडी लेप बोटाने चोळून बघा. लेप ठीक आहे, पुसून टाका. टोचणारे तुकडे लागले तर दात किंवा बेरिंग गेलंय. ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर पितळी रिंग झिजतेय, म्हणजे दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्या तसराळ्यातच सापडेल. वायसर नवीन लावा. गाडी सपाट असताना ऑइल भरायच्या भोकाच्या कडेला आलं की बहुतेक गाड्यांत माप पूर्ण.

धुवायचंच असेल तर ऑइलनेच धुवा. त्याच ग्रेडचं साधं, स्वस्त ऑइल भरा, शे-दोनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, गरम असताना काढा, मग चांगलं भरा. खर्च वाढतो, मान्य. पण गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीपुढे आणि वडाप उभी राहिलेल्या दिवसांपुढे तो काहीच नाही.

पुराच्या पाण्याचं वेगळं. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला, २०२१ ला चिपळूणला कितीतरी गाड्या बुडाल्या. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं निघतं. तेव्हाही लोक डिझेल ओततात. पण डिझेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, डिझेल ते पाणी उचलणार कसं? गाडी न चालवता पहिलं ऑइल काढा, साधं भरा, थोडं फिरवा, काढा. रंग स्वच्छ होईपर्यंत दोनदा, तीनदा. आणि हे लवकर करा, बेरिंगला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

निघालेलं काळं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या, ओढ्यात नको.

दादा, रिव्हर्सची ती चाचणी करून मला पुन्हा निरोप पाठवा. वाजला तर पुढचा भाग क्लचवर घेऊ.