फोटोंची चावी कुणाकडे?

आज ढाणकीतल्या आणि आसपासच्या गटांशी फोटोंबद्दल बोलते. पापड, हळद, मसाल्याचे फोटो आपण वेबसाइटवर टाकतो. पण टाकायचे कुणी, काढायचे कुणी, हे ठरवलंय का?

आमच्या गटात एकच पासवर्ड सगळ्यांकडे होता. एक दिवस दिवाळीच्या मालाचे फोटोच गायब! कुणी काढले, कळेना. संशय मात्र चौघींवर आला आणि बोलणं बंद झालं.

बँकेतून पैसे काढताना आपण दोघींच्या सह्या घेतो. तो अविश्वास नसतो, गट टिकवायची रीत असते. फोटोंनाही तीच लावा.

वर्डप्रेसवर केलेल्या वेबसाइटमध्ये प्रत्येकीचं वेगळं खातं निघतं. 'ऑथर' केलेली बाई आपले फोटो टाकू-काढू शकते, दुसरीचे काढू शकत नाही. 'एडिटर' सगळ्यांचे फोटो सांभाळते. 'ॲडमिनिस्ट्रेटर' खाती उघडते, बंद करते. ही मोठी चावी दोघींकडेच ठेवा. एक आजारी पडली तर दुसरी आहे.

कुणी गट सोडला, की तिचं खातं लगेच बंद करा. खातं काढताना तिचं काम दुसरीच्या नावावर करायचं का, असं विचारतात. तसं करा, नाहीतर तिने टाकलेले फोटोही जातील.

पुढच्या बैठकीत हे ठरवून वहीत लिहा. आणि जिचा चेहरा फोटोत आहे, तिला विचारल्याशिवाय फोटो टाकू नका. तो हक्क तिचाच, चावीवालीचा नाही.